सामान तपासलं

कॅनडाहून परत आलेल्या माणसानं नायगऱ्याचं वर्णन करायचं असतं, असा आमच्या सांगलीत नियम आहे. माझ्या आधी आमच्या गल्लीतून दोघं जण जाऊन आले. दोघांनीही धबधबा ‘अवर्णनीय’ असल्याचं सांगितलं आणि मग तासभर त्याचं वर्णन केलं. मीही नायगऱ्याला गेले, भिजले, फोटो काढला. पण तिथे मला पाण्यापेक्षा दुसरंच काही ऐकू आलं, आणि ते सांगायचं तर आधी हळदीपासून सुरुवात करायला हवी.

टोरोंटो विमानतळ

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली. दुसऱ्यांची लाईन जोडायची, कानावर पडेल ते विसरायचं आणि आपण मधे बोलायचं नाही, ही नोकरीची अट. त्याचा सूड म्हणून निवृत्तीनंतर मी अखंड बोलते, असं माझी लेक मंजिरी म्हणते. ती ब्रॅम्पटनला राहते. तिनं फोनवर सहज म्हटलं होतं, “आई, इथे कुंडीत हळद येईल का गं?” झालं. मी भडंग, कुरड्या आणि लिंबाच्या लोणच्यासोबत हळदीचं बेणं घेतलं. चांगले जेठे गड्डे, म्हणजे ज्यांतून पुढची हळद फुटते ते आईकंद, आपल्या शेतातल्या मातीसकट, कारण मातीवाचून बेण्याला जीव नाही.

विमानतळावर मला रांगेतून बाजूला घेतलं. एका तरुण अधिकारी मुलीनं माझी बॅग टेबलावर रिकामी केली. कुरड्या उजेडात धरून पाहिल्या. लोणच्याला मात्र मान देऊन बाजूला ठेवलं. मग बेणं हातात घेऊन विचारलं, “मॅम, इज धिस जिंजर?”

“नो, टर्मरिक,” मी म्हटलं. बेण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून पुढे म्हणाले, “टर्मरिकची मदर.”

“युअर मदर?” तिनं घाबरून विचारलं. मातीसकट आई आणली म्हटल्यावर कुणीही घाबरेल.

शेवटी हळद जप्त झाली, माती तर आधीच गुन्हेगार ठरली होती, आणि मी सुटले. घरी पोचल्यावर जावई पोट धरून हसला. मंजिरी म्हणाली, “तुझीच चूक आहे आई. कुणी सांगितलं होतं?” मला मात्र एक झकास गोष्ट मिळाली होती, आणि ती सगळ्या कॅनडाला ऐकवायची असं मी ठरवून टाकलं.

ब्रॅम्पटन

ब्रॅम्पटनमध्ये घरं इतकी सारखी की पहिल्या आठवड्यात मी दोनदा परक्या दाराला किल्ली लावली. इथे पायी चालणारा माणूस म्हणजे एकतर शाळकरी मूल, नाहीतर भारतातून आलेले आईवडील. दुपारी बागेच्या बाकांवर आईवडील ठेवलेले असतात आणि संध्याकाळी मुलं ते गोळा करून नेतात. अशाच एका बाकाला मी ठेचकाळले आणि “अगं बाई!” म्हणाले, तर पलीकडून आवाज आला, “मराठी का?”

त्या कुसुमताई. साठी उलटलेली, नाजूक अंगाची, कानात मोती. माहेर रत्नागिरीचं, पण लग्न होऊन गेल्या त्या थेट युगांडाला. नवरा कंपालात शाळामास्तर. मराठी घरं तिथे मोजकीच, शेजार सगळा गुजराती, त्यामुळे त्यांच्या मराठीला गुजरातीची फोडणी आणि वरून थोडी स्वाहिली कोथिंबीर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. युगांडात तेव्हा एक लष्करशहा होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण स्वतःचं नाव छापून आलेलं त्याला फार आवडायचं. नावापुढे पदव्या मावत नव्हत्या आणि छातीवर पदकं. त्याला एकदा स्वप्न पडलं की सगळ्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढा. आपल्याकडे स्वप्नात देव येतो, पण तो फार तर देऊळ बांधायला सांगतो. या गृहस्थानं नव्वद दिवसांची मुदत दिली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं दुकानं, घरं, कुत्री-मांजरं सोडून निघाली. कंपालाहून एंटेबेच्या विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर ठिकठिकाणी सैनिकांचे नाके होते. काही घरांना कॅनडानं आसरा दिला. त्यातली बरीचशी पुढे टोरोंटोच्या आसपास स्थिरावली. त्याला आता चाळीस वर्षं होत आली होती.

कुसुमताईंनी मला चहाला बोलावलं. त्यांच्याकडे दर बुधवारी कंपालाच्या चार-पाच जुन्या मैत्रिणी जमायच्या. त्यांत शारदाबेन म्हणून एक धिप्पाड, हसऱ्या बाई होत्या, त्यांनी मोगो तळून आणला होता. मोगो म्हणजे कसावा. आपल्या साबुदाण्याचा बापच तो. वर तिखट-मीठ आणि लिंबू. मी तीनदा घेतला आणि मग उपकाराची फेड म्हणून माझी गोष्ट काढली.

गोष्ट सांगायची माझी एक पद्धत आहे. काय पकडलं ते शेवटपर्यंत सांगायचं नाही, म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला राहतो.

“अहो, येताना विमानतळावर माझं सामान तपासलं ना!” मी म्हटलं.

खोलीतल्या सगळ्या कपबश्या थांबल्या. वा, मी म्हटलं, काय श्रोते आहेत.

“मला एकटीला रांगेतून बाजूला नेलं. मी नको नको म्हणतेय, पण ऐकतंय कोण! सगळं उघडं करून टाकलं.”

“एकटीला?” शारदाबेननी विचारलं. कुसुमताई उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या.

“एकटीला! आणि घरी येऊन सांगितलं, तर जावई हसत सुटला.”

“हसला?” कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

“लेक म्हणाली, तुझीच चूक आहे.”

कुसुमताईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “अगं, असं म्हणतातच,” त्या म्हणाल्या. “सगळेच म्हणतात. तू डॉक्टरकडे गेलीस का?”

“हळदीसाठी डॉक्टर कशाला?”

“हळद?”

मग मी बेणं, माती आणि टर्मरिकची मदर हे सगळं सांगितलं. शारदाबेन हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते बराच वेळ थांबेना. बाकीच्याही हसल्या, पण एकमेकींकडे न बघता. मी आपली खूश. आयुष्यात माझी कुठलीही गोष्ट इतकी रंगली नव्हती. फक्त कुसुमताई हसल्या नाहीत, आणि माझा हातही त्यांनी लगेच सोडला नाही. लोणच्या-हळदीवरून एवढं काळजीचं काय, हे मला कळेना.

भाऊसाहेबांची बॅग

कुसुमताईंचे यजमान भाऊसाहेब. वय सत्तरीचं, पाठ अजून ताठ. हद्दपारीला चाळीस वर्षं झाली म्हणून कंपालाच्या मराठी घरांचा, त्यांच्या गुजराती शेजाऱ्यांसह, मेळावा भरणार होता आणि भाऊसाहेब त्याचे अध्यक्ष होते. भाषणाची तालीम ते दिवाणखान्यात करत. मी चहाला गेले की श्रोता म्हणून आयतीच सापडायची.

भाषणाचा नायक म्हणजे एक तपकिरी चामड्याची बॅग. तीच घेऊन ते कॅनडात आले. पहिल्या तालमीत तिच्यात दोन जोड कपडे आणि गीता होती. पुढच्या खेपेला चांदीचं तबक आलं. तिसऱ्या खेपेला शिवणयंत्र. हद्दपारी आणखी थोडी लांबली असती तर त्या बॅगेतून अख्खं कंपाला निघालं असतं.

एक वाक्य मात्र कधीच बदललं नाही. आवाज चढवून ते म्हणायचे, “पण परमेश्वराची कृपा! आपल्या एकाही स्त्रीच्या केसाला धक्का लागला नाही. नुसतं सामान तपासलं!” इथे टाळ्यांसाठी जागा सोडलेली असे. मी टाळ्या वाजवायची. कुसुमताई आत जाऊन गॅस बंद करून यायच्या. गॅस बंदच असायचा.

त्यांची नात नेहा युनिव्हर्सिटीत शिकत होती. आजीच्या आठवणी रेकॉर्ड करणं हा तिचा प्रोजेक्ट होता. मुलगी गोड, मराठी पुरतं कळायचं, उत्तर इंग्रजीतून. ती रेकॉर्डिंगचं मशीन मधे ठेवायची. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला आजोबा. प्रश्न आजीला जायचा आणि उत्तर आजोबांकडून यायचं.

“व्हॉट डिड दे चेक, आजी?” तिनं एकदा विचारलं.

“भांडी, साड्या, पुस्तकं. शिवणयंत्रसुद्धा उघडून पाहिलं,” भाऊसाहेब म्हणाले.

“आजोबा, आय आस्क्ड हर.”

“तेच सांगतोय ना मी. तिला आता नीट आठवत नाही.”

एक्स्चेंजमध्ये आम्ही याला क्रॉस कनेक्शन म्हणायचो. तक्रार आली की तासाभरात दुरुस्त व्हायचं.

त्या लष्करशहाचं राज्य कधीच बुडालं, तो परदेशात अंथरुणात मेला. त्याचे सगळे हुकूम रद्द झाले. ज्या गप्प राहण्याचा त्यानं कधी लेखी हुकूमही काढला नव्हता, ते मात्र ब्रॅम्पटनच्या त्या उबदार घरात बिनबोभाट पाळलं जात होतं. पण हे मला तेव्हा कुठे कळत होतं? मी टाळ्या वाजवत होते.

नायगरा

मेळाव्याच्या आधी कंपालाकरांच्या मंडळानं ज्येष्ठांची नायगरा सहल काढली. बसमध्ये ढोकळा, अंताक्षरी आणि वॉशरूमसाठी बस कुठे कुठे थांबणार याची चर्चा. नायगऱ्याला पोचल्यावर होडीत बसायच्या आधी प्रत्येकाला निळा प्लास्टिकचा रेनकोट मिळाला. तो घातल्यावर सगळं मंडळ दुधाच्या पिशव्यांसारखं दिसायला लागलं. भाऊसाहेब पुढच्या टोकाला पुरुषमंडळींबरोबर फोटो काढत उभे राहिले. कुसुमताईंनी मला मागच्या कठड्याशी ओढलं.

धबधबा अवर्णनीय आहे. म्हणजे इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण खरखरणाऱ्या लाईनमधून शब्द वेचायची माझ्या कानांना जन्माची सवय. कुसुमताईंना हे ठाऊक होतं. मीच शंभरदा फुशारकी मारली होती.

“त्या बुधवारी आम्हांला भलतंच वाटलं,” त्या म्हणाल्या. “तुझं सामान तपासलं म्हणालीस ना.”

“मग तपासलंच की.”

“आमच्यात त्याचा अर्थ वेगळा आहे.”

त्या पाण्याकडे बघत बोलल्या, माझ्याकडे नाही. एंटेबेच्या रस्त्यावर शेवटचा नाका होता. सैनिकांनी पुरुषांना रस्त्याच्या कडेला उभं केलं, बंदुका रोखून. त्यांना आणि शारदाबेनला पलीकडच्या खोलीत नेलं. कुसुमताई तेव्हा बाविशीच्या. “आत किती जण होते ते मी मोजलं नाही,” त्या म्हणाल्या. “शारदाचं कण्हणं ऐकू येत होतं, तेवढं आठवतं. बाहेर आले तर हे म्हणाले, पासपोर्ट आहे ना? बाकी काही विचारलं नाही. विमानात बसल्यावर एकदाच म्हणाले, कुणी विचारलं तर सांगायचं, सामान तपासलं.”

मग कॅनडात उतरल्यावर कळलं की प्रत्येक घरानं तेच ठरवलंय. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. बायकासुद्धा एकमेकींना तेवढंच विचारायच्या. तुझं तपासलं? तपासलं. संपलं बोलणं.

मी टाळ्या वाजवल्या होत्या. पाहुणचाराच्या मोगोवर ताव मारत या बायकांना विनोद म्हणून ऐकवलं होतं, सगळं उघडं करून टाकलं म्हणून.

“कुसुमताई, कधीच कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. चाळीस वर्षं सांगतेय. सामान तपासलं, सामान तपासलं.” त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. “आता डॉक्टर म्हणतात, मी विसरायला लागणार. हळूहळू सगळंच. इतकी वर्षं देवाकडे तेच मागत होते तेव्हा त्यानं दिलं नाही. आता नको म्हणतेय तर देतोय. नेहाला माझ्या तोंडून कळायला पाहिजे. मी विसरले की मग ह्यांचं भाषणच खरं होणार.”

होडी वळली, आवाज कमी झाला. पुढून भाऊसाहेब हात हलवत होते, फोटोसाठी या म्हणून.

“मेळाव्यात माईक तुझ्याकडे असणार ना?” कुसुमताईंनी घाईनं विचारलं.

माईक माझ्याकडेच होता. माझं मराठी शुद्ध म्हणून सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं होतं. मी म्हटलं, “लाईन मी जोडून देते. बोलायचं तुम्ही.”

कम्युनिटी सेंटर

सप्टेंबरातला रविवार. हॉलबाहेर मेपलची पानं लाल व्हायला लागली होती, आत समोसे. व्यासपीठावर टेबल, टेबलावर ती तपकिरी बॅग, आणि बॅगेला हार. बायकांना व्यासपीठावर खुर्च्या नव्हत्या, पण बॅगेला होती म्हणायला हरकत नाही. समोर पाटी, ‘सैनिकी तपासणीतून वाचलेलं सामान’. मी जवळ जाऊन पाहिलं. कुलपाच्या कडीत एक विटलेला लाल धागा अडकला होता, दोन्ही टोकं कापलेली.

“आईनं बांधला होता, निघताना. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून,” भाऊसाहेब अभिमानानं म्हणाले.

कार्यक्रमपत्रिकेत कुसुमताईंचा सत्कार होता. शाल, नारळ आणि नमस्कार. त्यांनी बोलायचं नव्हतं. भाऊसाहेबांचं भाषण झालं. बॅगेत आता हार्मोनियमही आली होती. “नुसतं सामान तपासलं!” म्हणाल्यावर जोरात टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. मग शाल झाली, नारळ झाला, आणि मी माईकवर म्हटलं, “आता कुसुमताई बोलतील.”

भाऊसाहेबांनी पत्रिकेत पाहिलं. मी माईक कुसुमताईंच्या हातात दिला. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, तो घरंगळला, कुणीतरी झेलला, लोक हसले. माईक शालीवर घासत राहिला, नुसती खरखर येत होती. मला वाटलं, आता बसतील.

“ह्या बॅगेला सासूबाईंनी नाडा बांधला होता,” त्या म्हणाल्या. “सात गाठींचा. विमानातून उतरल्यावर कॅनडाच्या एका बाईनं मला कात्री दिली, तेव्हा मी तो माझ्या हातानं कापला. तोवर एकही गाठ सुटलेली नव्हती.”

“कुसुम,” भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, “अगं, तुला नीट आठवत नाही.”

“नाडा सोडल्याशिवाय ती बॅग उघडत नव्हती. त्या रस्त्यावर ह्या बॅगेला कुणी हातसुद्धा लावला नाही.” त्यांनी श्वास घेतला. “सामान कुणी तपासलंच नाही.”

पहिल्या रांगेत नेहा मशीन घेऊन बसली होती. तिनं मान वर केली. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून मी मराठीचं एक अख्खं वाक्य ऐकलं नव्हतं.

“मग काय तपासलं, आजी?”

कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. फक्त तिच्याकडे.

“आम्हांला.”

सवयीनं कुणीतरी टाळी वाजवली आणि अर्ध्यावर थांबलं. मंडळाचे चिटणीस, मोठे धोरणी गृहस्थ, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ताई, समोसे गार होतायत, चहापान जाहीर करा.” मी म्हटलं, “लाईन चालू आहे.”

तिसऱ्या रांगेतून शारदाबेन उठल्या. हातातली पर्स खुर्चीवर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाल्या, “मारो सामान पण नहोतो तपास्यो.” माझंही सामान तपासलं नव्हतं. त्यांचे यजमान त्यांचा पदर ओढत होते. त्या बसल्या नाहीत. मागे भिंतीजवळ आणखी एक बाई उभी राहिली. तिला मी ओळखत नव्हते.

नेहानं मशीन बंद केलं, ते बाजूला ठेवलं, आणि आजीचा हात धरला. मग कुसुमताई पुढचं सगळं बोलल्या. ते त्यांचं आहे, मी परत लिहीत नाही. भाऊसाहेबांनी कधीतरी बॅगेवरचा हार काढला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटपर्यंत ते हार हातात धरून उभे होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांची पाठ वाकलेली दिसली. तेही तेव्हा तिशीचे असतील, आणि छातीवर बंदूक रोखलेली. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

सांगली

ऑक्टोबरात परत आले. मेपल सिरपच्या बाटल्या वाटल्या. ते गुळाच्या काकवीपुढे काहीच नाही असं गल्लीचं मत पडलं. संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका जमल्या. मी नायगऱ्याला सुरुवात करणार, तेवढ्यात पलीकडच्या सुनेनं डोळे मोठे करून विचारलं, “काकू, तिकडे विमानतळावर सामान तपासतात म्हणे! तुमचं तपासलं?”

सगळ्या पुढे सरकून बसल्या. बेणं, माती, टर्मरिकची मदर, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

“हो,” मी म्हटलं. “माझं फक्त सामानच तपासलं.”